ओगलेवाडीची काच शाळेत आणि गावात नेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली छोटी संग्रहालयं, वाचनालयं, शाळा आणि गावोगावची मंडळं आता ओगलेवाडीच्या काच-कारखान्यावर कार्यक्रम घेऊ लागली आहेत. तयारीला बसलं की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आमचा आग्रह एकच आहे: भाषण कमी, हातात वस्तू जास्त, आणि कारखाना काढणाऱ्यांच्या नावाबरोबर तो चालवणाऱ्या हातांचं कामही मुलांना कळलं पाहिजे.

मुलांना थोडक्यात इतिहास काय सांगायचा?

पाच मिनिटांत बसेल एवढाच सांगा. १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ कापडापुरती राहिली नाही. दिवा, बाटली, बांगडी इथपर्यंत ती आली. त्या काळी काचसामान बहुतेक ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियम आणि पुढे जपानमधून यायचं. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली. त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच-कारखाना निघाला. पुढच्या दशकात, पहिल्या महायुद्धामुळे आयात आटलेली असताना, ओगले बंधूंनी कराडजवळ आपला कारखाना उभा केला. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी त्यांच्या पाठीशी होते. याच पंतप्रतिनिधींच्या आधाराने १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली होती. कारखान्याभोवतीच्या वस्तीला ओगलेवाडी हे नाव पडलं आणि तिथल्या कंदिलाला ‘प्रभाकर’. ओगले बंधूंच्या वडिलांचं नावही प्रभाकरच.

नकाशा जरूर दाखवा. कराडचं रेल्वे स्टेशन ओगलेवाडीत आहे आणि किर्लोस्करवाडीही त्याच पुणे-मिरज मार्गावर आहे. कोळसा, वाळू, सोडा टनांनी आत आणायचा आणि फुटणारा माल गवतात बांधून बाहेर पाठवायचा, हे रेल्वे दाराशी नसताना परवडणारं नव्हतं. आठवीच्या मुलांना हा मुद्दा सनावळीपेक्षा लवकर पटतो.

त्याआधी आपल्या भागात काच नव्हतीच का?

होती. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, त्यात सातवाहन काळातले काचेचे मणी मिळाले. म्हणजे पंचगंगेकाठी दोन हजार वर्षांपूर्वी काच वापरात होती. मात्र तिथून ओगलेवाडीपर्यंत सलग परंपरा असल्याचं सांगू नका. मण्यांची काच आणि कारखान्याची काच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कृष्णा-कोयनेच्या वाळूची काच होते का? मुलं हे हमखास विचारतात.

स्वच्छ, पारदर्शक काच होत नाही. कारण मुलांना हातानेच शोधू द्यावं.

आपली वाळू बेसाल्टची, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या खडकाची आहे. तिच्यात लोहाची खनिजं भरपूर असतात. काचेला हवी असते क्वार्ट्‌झची पांढरी वाळू, जिच्यात सिलिका (काचेचं मूळ द्रव्य) फार जास्त आणि लोह नगण्य. महाराष्ट्रात अशी वाळू सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरात सापडते. लोह थोडं असलं तरी काच हिरवट होते. खिडकीची साधी काच समोरून पांढरी दिसते, पण कडेने पाहिली तर हिरवी. ते लोहच.

प्रयोग असा करा. कराडला कृष्णा-कोयना मिळतात त्या प्रीतिसंगमावरची किंवा गावच्या ओढ्यातली मूठभर वाळू धुऊन कडक उन्हात वाळवा. पांढऱ्या कागदावर पातळ पसरा. लोहचुंबक छोट्या प्लास्टिक पिशवीत घालून वाळूवरून फिरवा. काळे कण झपाट्याने चिकटतात. पिशवी उलटी केली की ते सुटतात, त्यामुळे वजन करून टक्केवारीही काढता येते. शेजारी कासार्ड्याची किंवा फिशटँकवाल्याकडची पांढरी सिलिका वाळू ठेवा आणि तोच चुंबक फिरवा. फरक बोलून दाखवावा लागत नाही. चुंबक पिशवीशिवाय वापरला तर कण कायमचे चिकटून बसतात आणि पुढच्या शाळेत प्रयोग फसतो. वाळू ओली राहिली तरी फसतो.

दोन सूचना. वाळूची पूड करू नका आणि सुकी बारीक वाळू वर्गात उडू देऊ नका; सिलिकाची धूळ फुप्फुसाला वाईट. आणि चुंबकाने लोह ‘पूर्ण’ निघतं असं म्हणू नका, कारण चुंबकाला न चिकटणारं लोहही खनिजात असतं.

काचेचा घाणा कसा समजावायचा?

भट्टीत घालायच्या मिश्रणाला वर्गात घाणा म्हटलेलं मुलांना चटकन कळतं. साध्या काचेसाठी ढोबळ प्रमाण: वाळू १०० भाग, सोडा ॲश ३५, चुनखडी २०. शिवाय काही फुटकी काच. तीन पारदर्शक बरण्यांत १०० ग्रॅम, ३५ ग्रॅम आणि २० ग्रॅम भरून झाकणं चिकटवून टाका. सोडा ॲश डोळ्यांना आणि हातांना झोंबतो.

मग प्रत्येकाचं काम सांगा. नुसती सिलिका वितळायला सुमारे १,७०० अंश सेल्सिअस लागतात. सोड्यामुळे ते काम १,४०० ते १,५०० अंशांत होतं. पण फक्त वाळू आणि सोडा वितळवला तर पाण्यात विरघळणारी काच मिळते. चुना ती टिकाऊ करतो. फुटकी काच लवकर वितळून बाकीच्याला ओढून घेते आणि कोळसा वाचवते. म्हणूनच काच-कारखान्यात फुटलेला माल वाया जात नाही.

एक हिशेब फळ्यावर करून घ्या. १५५ ग्रॅम घाण्यातून काच मिळते साधारण १३२ ग्रॅम. उरलेले २३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. हा वायू सगळा निघायच्या आत काच उचलली की तिच्यात बारीक बुडबुडे राहतात. मुलांच्या हातातल्या जुन्या कंदिलाच्या काचेत ते दिसतात, आणि हिशेब तिथेच वस्तूला जाऊन भिडतो.

शाळेत भट्टी लावून काच वितळवून दाखवता येईल का?

नाही. लोहाराचा भाता, विटांची घरगुती भट्टी अशा सूचना येतात. सगळ्यांना नाहीच म्हणावं. तापमान पुरत नाही, अर्धवट वितळलेली काच थंड होताना उडते आणि मुलं जवळ उभी असतात.

दोन पर्याय चांगले आहेत. पहिला, प्रयोगशाळेतली काचनळी नववी-दहावीसमोर शिक्षकांनी वाकवून दाखवणं. नळी ज्योतीत सतत फिरवायची, पिवळी ज्योत दिसून नळी लवू लागली की ज्योतीबाहेर काढून मग वाकवायची. ज्योतीतच वाकवली तर कोपरा चपटा होतो. वाकवलेली नळी थंड फरशीवर टेकवू नका, तडकते. विज्ञान शाखेच्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत काच फुंकणारे तंत्रज्ञ असतात. त्यांना बोलावलं तर ज्योत आणि मुलं यांत किमान तीन मीटर अंतर आणि मध्ये दोरी हवीच.

दुसरा पर्याय साखरेच्या पाकाची काच करून दाखवण्याचा.

पाकाची काच नीट जमत नाही. काय चुकतं?

आधी माप. साखर अर्धा किलो, पाणी २०० मिलिलिटर, लिक्विड ग्लुकोज १५० ग्रॅम. ग्लुकोज नसेल तर लिंबाचा रस एक चमचा. जाड बुडाच्या पातेल्यात साखर विरघळेपर्यंतच ढवळायचं. उकळी आल्यावर चमचा बाहेर. गोळीबंद पाकाच्या पुढे जाऊन १५० अंशांवर उतरवायचा. तेलाचं बोट फिरवलेल्या स्टीलच्या ताटात तीन-चार मिलिमीटर जाडीचा ओतायचा आणि हलवायचा नाही.

चुका ठरलेल्या असतात. उकळताना ढवळलं किंवा कडेला चिकटलेले साखरेचे दाणे आत पडले, तर पाक दाणेदार होऊन पांढरा पडतो. कडा ओल्या ब्रशने पुसत राहा. १४० अंशांच्या आत उतरवला तर तो चिवट राहतो, काचेसारखा तुटत नाही. १६० च्या पुढे गेला की पिवळा-तांबूस होतो. आणि पाटण, महाबळेश्वर, जावळी या पट्ट्यात पावसाळ्यात हा प्रयोग घेऊच नका. हवेतलं पाणी शोषून ताट तासाभरात चिकट होतं. नोव्हेंबर ते मार्च उत्तम.

मुद्दाम बिघडवलेलं दुसरं ताटही करा: ग्लुकोज न घालता, भरपूर ढवळून. एक ताट पारदर्शक, दुसरं अपारदर्शक. साखर तीच. पहिल्यात रेणूंना रांगा लावायला सवड मिळाली नाही, दुसऱ्यात मिळाली. काच म्हणजे काय ते एवढंच आहे. याच वेळी एखादं मूल विचारतं की जुन्या काचा हळूहळू खाली वाहतात हे खरं का. खरं नाही. जुन्या तावदानांची जाडी असमान असते ती बनवण्याच्या पद्धतीमुळे.

पाक मोठ्यांनीच करायचा, मुलं दोन मीटर लांब. १५० अंशांचा पाक कातडीला चिकटून राहतो, त्यामुळे उकळत्या पाण्यापेक्षा खोल भाजतो. शेजारी थंड पाण्याची बादली ठेवा.

कंदील पेटवून दाखवावा का?

दाखवण्यात मोठी गंमत आहे, पण वर्गात नाही. मैदानात, वारा कमी असताना, एका मोठ्या माणसाने. रॉकेल आता सहज मिळत नाही, आणि त्याच्या जागी पेट्रोल किंवा थिनर कधीही घालायचं नाही; टाकीचा भडका उडतो.

न पेटवताही कंदील तासभर पुरतो. भाग मोकळे करून सतरंजीवर मांडा: तेलाची टाकी, तिचं झाकण, वात, वात वर-खाली करायची चावी, बर्नर, काच, काचेभोवतीची तार, काच उचलायचा दांडा, दोन्ही बाजूंच्या नळ्या, वरची टोपी, कडी. मुलांना सांगू नका, विचारा: बाजूच्या नळ्या कशासाठी? बहुतेक मुलं ‘धरायला’ म्हणतात. मग टोपीजवळचा मार्ग बोटाने शोधायला लावा. हवा या नळ्यांतून खाली बर्नरकडे जाते आणि ज्योतीला वाऱ्याचा झोत थेट लागत नाही. काही कंदिलांत ही हवा ताजी असते, काहींत काचेतून वर गेलेली गरम हवाही तिच्यात मिसळते. ताज्या हवेचा कंदील जास्त उजळ जळतो.

पेटवणारच असाल तर वात आधी सरळ कापा आणि दोन्ही कोपरे किंचित तिरपे उडवा. वात कातरलेली नसेल तर ज्योतीला शिंगं फुटतात आणि काच एका बाजूने काळी होते. तेल भरल्यावर वात अर्धा तास भिजू द्या. सुरुवातीला ज्योत बारीक ठेवा आणि काच सावकाश तापू द्या.

कंदिलाची काच तडकते का? कारखान्यात याची काळजी कशी घेत?

हा आमचा आवडता प्रश्न, कारण काच-कारखान्याचं निम्मं कसब त्याच्या उत्तरात आहे.

तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की तेवढी जागा एकदम आकसते, शेजारची जागा तशीच ताणलेली राहते, आणि काच फाटते. जाड काच जास्त मजबूत असं मुलांना वाटतं. उष्णतेच्या बाबतीत उलट आहे: पातळ काचेच्या आत-बाहेरचं तापमान लवकर सारखं होतं. म्हणून कंदिलाची काच पातळ हवी आणि सगळीकडे सारखी हवी. असमान जाडीची काच पहिल्याच पावसाळ्यात जाते.

दुसरं कारण जन्मापासूनचं असतं. फुंकलेली काच उघड्यावर थंड झाली तर बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसू पाहतो, आणि ताण आत अडकून पडतो. अशी काच कपाटात ठेवल्या ठेवल्या एखाद्या रात्री आपोआप फुटू शकते. ते टाळायला माल वेगळ्या भट्टीत ५४० अंशांच्या आसपास ठेवून सावकाश निववतात. वस्तू जाड असेल तर निववणं अधिक लांबतं.

हा ताण डोळ्यांनी दाखवता येतो. लॅपटॉपच्या पडद्यावर पूर्ण पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगल पडद्यासमोर धरून फिरवा. एका कोनात पडदा काळा दिसेल. गॉगल त्या कोनात धरून मध्ये कंपासपेटीतली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी आणा. इंद्रधनुष्याचे पट्टे दिसतात. ओतताना अडकलेला ताण तो. आता कंदिलाची काच धरा. नीट निववलेली असेल तर काळोख तसाच राहतो. जिथे पांढुरके डाग उजळतात, तिथे ताण आहे. मोबाइलच्या पडद्यावर हे नेहमी जमतं असं नाही, म्हणून आदल्या दिवशी त्याच लॅपटॉपवर आणि त्याच गॉगलवर करून पाहा. वर्गातले दिवे बंद, पडदे ओढलेले. तरीही चाळीस मुलांना एकदम दिसणार नाही; चार-चारच्या गटाने बोलवा.

काच फुंकण्याची पद्धत भट्टीशिवाय कशी समजावायची?

हालचालींनी. चार-पाच मुलं उभी करा आणि एका टोळीचं काम त्यांच्यात वाटून द्या. पहिला दीड मीटर लांबीची फुंकणी (पीव्हीसीची नळी चालते) भट्टीत बुडवून काचेचा गोळा उचलतो आणि फिरवत राहतो. फिरवणं थांबलं की गोळा खाली लोंबतो. तो लोखंडी पाट्यावर लोळवून आकार देतो. दुसरा थोडा फुंकतो. तिसरा खाली बसून दोन भागांचा ओला साचा मिटतो. फुंकणारा साच्यात गोळा सोडून फुंकता फुंकता फिरवतो. साचा ओला असल्याने काच आणि साचा यांत वाफेचा पापुद्रा राहतो, म्हणून काच गुळगुळीत निघते आणि साच्याची रेघ उमटत नाही. चौथा ती फुंकणीवरून सोडवून निववण्याच्या भट्टीकडे पळतो. नंतर दोन्ही टोकं कापून कडा घासतात किंवा आचेवर गोल करतात.

सगळी टोळी तालात चालली पाहिजे. एकाने उशीर केला तर काच हातातच घट्ट होते. मुलांना हे दोनदा करून बघितल्यावर आपोआप उमजतं. एकाच नळीला दोन मुलांनी तोंड लावू नये, प्रत्येकाला स्वतंत्र कागदी नळी द्या.

त्यानंतर वस्तू हातात द्या आणि शोधायला लावा: कड खरखरीत की गोल? रेघ आहे का, आणि असली तर ती बाटलीच्या तोंडापर्यंत जाते का? तोंडावरूनही गेलेली रेघ यंत्राची. गळ्यापाशी थांबलेली असेल तर तोंड बहुधा हाताने घडवलेलं. बुडबुडे गोल की लांबट? लांबट बुडबुडा काच कोणत्या दिशेने ओढली गेली ते दाखवतो.

घरातली जुनी काच ओगलेवाडीचीच आहे हे कसं ओळखायचं?

उठावाचं नाव, छाप, मूळ खोका किंवा बिल असेल तरच तसं म्हणा. कंदिलाच्या टाकीवर ‘प्रभाकर’ असलं तरी त्यातली काच तीच असेल असं नाही. काच फुटायची आणि बाजारात मिळेल ती बसवली जायची. हिरवट रंग किंवा बुडबुडे हा पुरावा नव्हे. खात्री नसेल तर पाटीवर ‘कराड परिसरातील घरातून’ एवढंच लिहा. ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

फिरत्या पेटीत काय ठेवावं, कसं बांधावं?

दहा-बारा वस्तू पुरतात: भाग सुटे होणारा एक पूर्ण कंदील, दोन कंदिलाच्या काचा (एक चांगली, एक कड उडालेली पण घासून बोथट केलेली), हाताने घडवलेल्या तोंडाची बाटली, यंत्राची बाटली, काचेची बरणी, घाण्याच्या तीन बरण्या, वाळूचे दोन नमुने, चुंबक, पट्टी आणि गॉगल, जुन्या जाहिरातींच्या छायाप्रती. दुर्मीळ वस्तू पेटीत नकोच. जी फुटली तर रडू येईल ती संग्रहालयात राहू द्या.

पेटी साधारण ६० × ४० × ३० सेंटिमीटर, भरून १२ किलोच्या आत, कारण ती एसटीतून एका माणसाला न्यावी लागते. आत ईपीई फोम (पॅकिंगचा मऊ फोम), प्रत्येक वस्तूचा खाचा वेगळा, खाच्यावर वस्तूचं चित्र. वस्तू परत ठेवताना रिकामा खाचा लगेच दिसतो. वर्तमानपत्रात काच गुंडाळू नका. शाई उतरते आणि दमट हवेत कागद चिकटतो. पेटी बसच्या टपावर नाही, मांडीवर किंवा पायांत.

हाताळणी जमिनीवर, सतरंजीवर, बसून. टेबलावरून पडलेली वस्तू फुटते, सतरंजीवर घरंगळलेली बहुधा वाचते. एक हात बुडाखाली, दुसरा बाजूला. अंगठ्या आणि जाड बांगड्या काढून ठेवा. सुती हातमोजे काचेवरून निसटतात. स्वच्छ कोरडे हात त्यांहून बरे. आठ मुलांमागे एक मोठा माणूस आणि एका वेळी एकच वस्तू फिरती.

तरीही फुटली तर?

मुलं जागच्या जागी थांबतात. मोठा माणूस जाड हातमोजे घालून मोठे तुकडे उचलतो, बारीक कण पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी गोळा करतो आणि शेवटी ओल्या कणकेचा गोळा फरशीवर दाबून कणी टिपतो. सतरंजी झटकायची नाही, गुंडाळून बाजूला ठेवायची. संग्रहातली वस्तू असेल तर सगळे तुकडे एका डब्यात, वर तारीख. ज्याच्या हातून फुटली त्याला रागावू नका. पुढच्या फेरीत त्याच मुलाच्या हातात पुन्हा वस्तू द्या.

जुनी काच धुवावी का? घरी राखेने घासायचो.

घरच्या कंदिलाला राख ठीक होती, संग्रहातल्या काचेला नाही. बारीक ओरखडे पडतात. प्लास्टिकच्या टबात तळाला टॉवेल, कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, एका वेळी एक वस्तू, शेवटी डिस्टिल्ड पाणी, सावलीत वाळवणं. मागून रंगवलेली चित्रं, आरसे, छापील किंवा कागदी लेबल असलेल्या बाटल्या आणि चिकटवलेली काच धुवायची नाही.

काच हाताला ओलसर, साबणासारखी लागली किंवा आत जाळीसारख्या भेगा दिसल्या, तर ती घाण्यात चुना कमी पडल्याची खूण असू शकते. अशी काच हवेतल्या दमटपणाने आतून झिजते. ती फिरत्या पेटीतून काढा, हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील अशा कपाटात ठेवा आणि जाणकाराला दाखवा. पावसाळ्यात काचेची भांडी एकात एक घालून ठेवू नका.

जुन्या कामगारांच्या आठवणी कशा नोंदवायच्या?

याला पहिला मान द्या, कारण वस्तू थांबतील, माणसं थांबणार नाहीत. कराड, ओगलेवाडी, हजारमाची आणि आसपासच्या वाड्यांत चौकशी केली की कुणाचे आजोबा, कुणाचे मामा भट्टीवर होते हे कळतं.

पहिल्या भेटीत फोन बाहेर काढू नका. चहा घ्या, कशासाठी आलात ते सांगा, पुढची वेळ ठरवा. मुलांनी आजोबा, तात्या, अण्णा, घरात जे म्हणत असतील तेच म्हणावं. दुसऱ्या भेटीला जुना कंदील किंवा फुंकणीसारखी काठी बरोबर न्या. ‘अनुभव सांगा’ म्हटलं की दोन वाक्यांत संपतं; काठी हातात दिली की माणूस उठून उभा राहून करून दाखवतो.

नेमकं विचारा. पाळी किती वाजता सुरू व्हायची? गोळा उचलण्यासारखा झाला हे रंगावरून ओळखायचे की धारेवरून? साच्याला, पाट्याला, भट्टीच्या तोंडाला तुम्ही काय म्हणायचे? कोणता माल सगळ्यात अवघड? टोळीत नवा पोरगा आला की पहिलं काम कोणतं? फुटीचा हिशेब कसा लागायचा? कामाचे शब्द जसे उच्चारले तसेच लिहा, ‘शुद्ध’ करू नका.

त्रासाचंही विचारा. घाण्याच्या खोलीतली सिलिकाची धूळ फुप्फुसं निकामी करते आणि भट्टीच्या तोंडाशी वर्षानुवर्षं पाहिल्याने डोळ्यांत मोतीबिंदू होतो, हे काच-उद्योगात जगभर दिसलं आहे. त्यांना काय झालं, काय संरक्षण होतं, ते त्यांच्या शब्दांत येऊ द्या. घरातल्या बायकांशी वेगळं बोला. पाळीप्रमाणे घर कसं चालायचं हे त्यांनाच माहीत असतं.

तांत्रिक बाजू सोपी आहे. फोन विमान-मोडवर, पंखा बंद, छोटा माइक कॉलरला, सुरुवातीला नाव-गाव-तारीख बोलून घ्या. मराठीत लिहिलेलं संमतिपत्र वाचून दाखवा: कुठे ऐकवायचं, काय गाळायचं, नाव द्यायचं की नाही. फाइल त्याच दिवशी दोन वेगळ्या ठिकाणी उतरवा आणि एक प्रत त्या घरी द्या.

एका शाळेला किती वेळ लागतो?

दोन तासिका, म्हणजे सुमारे ८० मिनिटं, आणि ४० मुलांपर्यंत. सुरुवातीला मुलांना आठवणीतून कंदील काढायला सांगा, शेवटी पुन्हा. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की काय पोहोचलं ते कळतं; शेरे-वहीतल्या ‘खूप छान’पेक्षा ही चित्रं जपून ठेवा. बाजाराच्या दिवशी आणि ऊस तोडणीच्या ऐन हंगामात गावातले कार्यक्रम ठेवू नका, वडीलधारी येत नाहीत.

ओगलेवाडीला सहल नेता येईल का?

स्टेशन आणि वस्ती पाहता येते, नकाशावर रेल्वे आणि कारखान्याचं नातं उभं करता येतं. जुन्या औद्योगिक आवारात मालकाच्या लेखी परवानगीशिवाय मुलांना नेऊ नका. मातीत सापडलेला काचेचा गोळा किंवा भट्टीची वीट उचलून आणायलाही मनाई करा. फोटो काढा, जागा लिहा, वस्तू तिथेच राहू द्या. त्याच दिवशी औंधचं श्री भवानी संग्रहालय जोडता येतं, पण सकाळी लवकर निघालात तरच.

कार्यक्रमानंतर लोक वस्तू घेऊन येतात. लगेच ठेवून घ्यायच्या का?

लगेच नाही. कोणी, कुठून, किती वर्षांपासून, घरात कशासाठी वापरली, हे चार प्रश्न एका कार्डावर लिहून फोटो काढा आणि वस्तू त्यांच्याच हाती परत द्या. घरातल्या सगळ्यांशी बोलून पंधरा दिवसांनी या म्हणावं. भावाभावांत नंतर वाद होतात. वस्तू घेतली तर देणगीपत्रावर दोन सह्या आणि एक प्रत त्यांना. तीच वस्तू तुमच्याकडे आधीच तीन असतील तर नाही म्हणा, पण कार्ड आणि फोटो ठेवा. गावागावांतल्या अशा कार्डांवरून प्रभाकर कंदील कुठवर पोहोचला होता याचा नकाशा करता येतो, आणि त्यासाठी वस्तू कपाटात असायची गरज नाही.